‘त्रिंकोमाली’ : मुंबईत बांधलेल्या एका जहाजाची लाकडी प्रतिकृती

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर हार्टलपूल नावाचे बंदर आहे. तेथील एका जुन्या गोदीत तीन डोलकाठ्यांचे एक युद्धजहाज उभे आहे. आजही पाण्यावर तरंगत असलेल्या ब्रिटिश युद्धनौकांत ते सर्वांत जुने गणले जाते. त्याचे नाव ‘त्रिंकोमाली’. नाव श्रीलंकेतील बंदराचे असले तरी हे जहाज बांधले गेले ते मुंबईत. त्याचा साग मलबारच्या अरण्यांतला, आणि तो तासणारे, वाकविणारे व सांधणारे हात मुंबईच्या गोदीतील कारागिरांचे. १२ ऑक्टोबर १८१७ रोजी ते पाण्यात सोडण्यात आले.

या जहाजाची हुबेहूब लाकडी प्रतिकृती कशी बांधतात, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे. प्रतिकृती म्हणजे दिवाणखान्यातील शोभेचे खेळणे नव्हे. खेळण्यातल्या जहाजाला तीन काठ्या, चार शिडे आणि बाजूला काळ्या-पांढऱ्या पट्ट्या असल्या म्हणजे पुरे. प्रतिकृतीत मात्र प्रत्येक फळीची रुंदी, प्रत्येक दोराची जाडी आणि प्रत्येक तोफेची जागा मूळ जहाजाशी एकाच प्रमाणात जुळावी लागते. चित्रकाराला जहाजाच्या ज्या भागाची माहिती नसेल तो भाग तोफांच्या धुराआड दडविता येतो. प्रतिकृती बांधणाराला ती सोय नाही. जहाज सर्व बाजूंनी दिसते, आणि न ठाऊक असलेला भागही कसा ना कसा बांधावाच लागतो. म्हणून अशी प्रतिकृती बांधणे हे निम्मे सुतारकाम आणि निम्मे संशोधन असते. या दोहोंतील दुसरे निम्मे अधिक कठीण, असे आमचे मत आहे.

ही कला नवी नाही. सतराव्या शतकाच्या मध्यापासून इंग्लंडच्या आरमारासाठी जहाजांच्या लाकडी प्रतिकृती तयार होऊ लागल्या. त्या बहुधा एका फुटाला पाव इंच, म्हणजे १:४८ या प्रमाणात असत. त्यांच्या तळाकडील फळ्या मुद्दाम बसवीत नसत; त्यामुळे आतील फासळ्यांची रचना पाहणाराला उघड दिसे. पुढे मूळ जहाजे लढाईत बुडाली, कुजली किंवा मोडीत गेली. आज त्यांपैकी कित्येकांची बांधणी आपल्याला कळते ती या प्रतिकृतींवरूनच.

जहाजाचा जन्म

‘त्रिंकोमाली’ची प्रतिकृती समजण्यासाठी मूळ जहाजाचा थोडा इतिहास ठाऊक असणे अवश्य आहे. लवजी नसरवानजी वाडिया हे सुतार १७३६ च्या सुमारास सुरतेहून मुंबईस आले. त्यांच्या घराण्याने पुढे शंभरांहून अधिक वर्षे ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबईच्या गोदीत जहाजबांधणीचे काम सांभाळले. या घराण्यातील जमशेटजी बमनजी वाडिया यांनी १८१० मध्ये ‘मिंडेन’ हे मोठे युद्धजहाज ब्रिटिश आरमारासाठी बांधून दिले. त्या श्रेणीचे ब्रिटिश आरमाराचे जहाज ग्रेट ब्रिटनबाहेर बांधले जाण्याची ती पहिलीच वेळ. त्यानंतर ‘कॉर्नवॉलिस’, ‘वेलस्ली’ आणि ‘त्रिंकोमाली’ ही जहाजेही त्यांच्याच देखरेखीखाली तयार झाली.

इंग्लंडने आपली जहाजे इतक्या दूर का बांधून घ्यावी? नेपोलियनशी चाललेल्या दीर्घ युद्धांत तेथील ओकचा साठा खालावला होता, हे एक कारण. आणि साग हे लाकूडच जहाजाला अधिक मानवते, हे दुसरे. ओकमध्ये टॅनिक आम्ल असते. ते लोखंडी खिळ्यांना व सळयांना खाते, आणि गंजलेला खिळा मग आपल्या भोवतालच्या लाकडालाही दुबळे करतो. सागातील तेलकट द्रव्य याउलट लोखंडाचे रक्षण करते. शिवाय साग वाळताना कमी आकसतो, सहसा तडकत नाही आणि वाळवी व बुरशी यांना लवकर दाद देत नाही. ‘त्रिंकोमाली’ दोनशेहून अधिक वर्षे टिकून राहिले, त्याचे मोठे श्रेय या गुणांना द्यावे लागते.

जहाजाचा आराखडा मात्र मुंबईचा नव्हता. ‘लेडा’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या फ्रिगेट-वर्गातील हे जहाज. आणि या वर्गाचा आराखडा ‘एबे’ या १७८२ मध्ये पकडलेल्या फ्रेंच फ्रिगेटवरून घेतलेला होता. फ्रेंच कल्पना, इंग्रजी कागद आणि हिंदी लाकूड व कारागिरी असा हा त्रिवेणी संगम होय. आराखड्याचे कागद प्रथम ‘जावा’ नावाच्या जहाजातून मुंबईकडे धाडण्यात आले. परंतु डिसेंबर १८१२ मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’ या जहाजाने ‘जावा’ जिंकले, आणि कागद मुंबईस पोहोचलेच नाहीत. नकला पुन्हा पाठवाव्या लागल्या. अखेर १८१६ मध्ये पारशी रिवाजाप्रमाणे कण्यात चांदीचा खिळा ठोकून बांधणीला आरंभ झाला. प्रतिकृतीच्या कण्यातही कोणी हौसेने चांदीच्या तारेचा तुकडा ठोकला, तर तो पुढे कोणाच्याही दृष्टीस पडत नाही. पण त्यात चूक काहीच नाही.

कोणत्या वर्षाचे जहाज?

प्रतिकृती बांधणारापुढचा पहिला खरा प्रश्न लाकडाचा नसून काळाचा असतो. जहाज हे इमारतीप्रमाणेच वरचेवर बदलत असते. ‘त्रिंकोमाली’ १८१९ मध्ये इंग्लंडला पोहोचले तेव्हा युद्ध संपलेले होते. जहाजावर छप्पर घालून ते राखीव म्हणून ठेवण्यात आले. १८४५ मध्ये त्याची नवी डागडुजी सुरू झाली. तीत तोफांची संख्या घटवून २६ करण्यात आली, मागील बाजूचा, म्हणजे पिछाडीचा, आकार बदलण्यात आला, आणि फ्रिगेटऐवजी कॉर्व्हेट म्हणून त्याची नोंद झाली. त्यानंतर त्याने उत्तर अमेरिका व वेस्ट इंडीज आणि पुढे पॅसिफिक महासागर येथे फेऱ्या केल्या. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ते शिकाऊ खलाशांचे जहाज झाले. १८९७ मध्ये ते मोडीत निघाले असता व्हीटली कॉब या गृहस्थांनी विकत घेतले. त्यांचे ‘फूड्रॉयंट’ हे जहाज त्याच वर्षी ब्लॅकपूलच्या वाळूवर आदळून फुटले होते. तेच नाव त्यांनी पुढे या जहाजाला दिले. १९८६ पर्यंत त्यावर मुलांना शिक्षण मिळत राहिले. १९८७ मध्ये ते हार्टलपूलला आणण्यात आले, १९९० मध्ये जीर्णोद्धार सुरू झाला, १९९२ मध्ये मूळ नाव परत मिळाले आणि २००१ मध्ये काम पुरे झाले.

आता, मुंबईच्या गोदीतून निघालेले १८१७ चे जहाज ज्याला दाखवायचे आहे त्याने हार्टलपूलला जाऊन पिछाडीची मापे घेतली, तर ती मापे अचूक असूनही प्रतिकृती चुकीची ठरेल. पिछाडी १८४५ नंतरची आणि तोफा १८१७ च्या, असे जहाज समुद्रावर कधीच तरंगले नाही. अशा संमिश्र प्रतिकृती पुष्कळ पाहावयास मिळतात. त्या दिसायला सुबक असतात, पण पुरावा म्हणून निरुपयोगी. म्हणून आपण १८१७ हे वर्ष निश्चित धरू. मूळ आराखडे हा पहिला आधार. मोठे फेरफार न झालेल्या भागांपुरते आजचे जहाज हा दुसरा. याच वर्गातील ‘युनिकॉर्न’ हे १८२४ मध्ये पाण्यात सोडलेले फ्रिगेट स्कॉटलंडमधील डंडी येथे अद्याप आहे. ते तिसरा आधार. पण ‘युनिकॉर्न’ बांधले गेले तोवर जहाजाच्या आतील बांधणीच्या पद्धती बदलू लागल्या होत्या, हे विसरून चालणार नाही.

कागदावरील जहाज

जहाजाच्या बाजूला सरळ रेषा जवळजवळ नसते. मग असा वाकडातिकडा घनाकार सपाट कागदावर कसा उतरवावयाचा? शाळेतील नकाशात डोंगराची उंची समोच्च रेषांनी दाखवितात, हे वाचकांना ठाऊक आहेच. जहाजाच्या आराखड्यात तीच युक्ती तीन प्रकारे योजिलेली असते. पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर असे आडवे छेद घेतले, तर वरून पाहताना एकात एक बसलेल्या रेषा मिळतात. कण्याला काटकोनात छेद घेतले तर पावाच्या लादीचे काप करावे तसे जहाजाचे आडवे काप दिसतात. एका अर्ध्या चित्रात नाळेकडचे, म्हणजे पुढच्या टोकाकडचे, आणि दुसऱ्या अर्ध्यात पिछाडीचे. तिसरे चित्र बाजूने पाहिलेल्या जहाजाचे.

या तीन चित्रांतील एकही चित्र स्वतंत्र नसते. जहाजाच्या अंगावरील कोणताही एक बिंदू घेतला, तर त्याची उंची, रुंदी आणि लांबी तिन्ही चित्रांत परस्परांशी जुळली पाहिजे. ती जुळली नाही, तर चूक रेखाटणाराची असेल किंवा कागदाची. जुना कागद हवेतील दमटपणाने ताणतो आणि आकसतो, आणि तोही लांबीत व रुंदीत सारखा नव्हे. म्हणून आराखड्यावर छापलेल्या किंवा काढलेल्या मोजपट्टीशी ताडून पाहिल्यावाचून एकही माप घेऊ नये. मापे कागदावरून उतरवून घेतल्यावर एक लवचीक, सारख्या जाडीची लाकडी पट्टी बिंदूंवरून वाकवून पाहतात. पट्टी सहज वळली तर रेषा बरोबर. एखाद्या बिंदूपाशी ती अडली, तर तो बिंदू संशयास्पद. डोळ्याला न दिसणारा दोष पट्टी दाखवून देते, कारण वाकलेले लाकूड एकाएकी वळण बदलीत नाही. आणि पुढे प्रत्यक्ष फळी वाकविताना हाच नियम लागू होणार असतो.

ब्रिटिश आरमाराचे आराखडे पाव इंचाला एक फूट याच प्रमाणात काढलेले असत. मुंबईच्या कारागिरांना ते ४८ पटींनी मोठे करून जमिनीवर पूर्णाकृती आखावे लागत. कागदावरील रेषेची जाडी इंचाचा शंभरावा भाग धरली, तर जमिनीवर ती जवळजवळ अर्ध्या इंचाची होते. म्हणजे रेषेच्या कोणत्या काठावर माप घ्यावे येथेच अर्ध्या इंचाचा फरक पडू शकतो. तो कारागिराच्या डोळ्याने आणि पट्टीने मिटवावा लागे. प्रतिकृतीही १:४८ मध्येच केली तर ही अडचण राहत नाही. कागद आणि लाकूड एकाच मापाचे असतात, आणि छेदचित्र सरळ लाकडावर चिकटवून कापता येते.

‘त्रिंकोमाली’ची तोफांच्या डेकवरील लांबी १५० फूट ४½ इंच आणि रुंदी सुमारे ४० फूट. १:४८ मध्ये ही मापे अनुक्रमे साडेसदतीस इंच आणि दहा इंच होतात. नाळेपुढे झुकलेली काठी आणि डोलकाठ्या धरल्या तर काम मोठ्या टेबलाचे होते. साडेपाच फूट उंचीचा खलाशी येथे साडेतीन सेंटीमीटरचा. प्रतिकृतीत एक तरी माणूस उभा करावा, असे आम्हांस वाटते. त्यावाचून पाहणाराला जहाजाच्या आकारमानाची खरी कल्पना येत नाही.

लाकूड

सागाच्या जहाजाची प्रतिकृती सागाची करू नये, हे ऐकून वाचकास नवल वाटेल. सागाच्या लाकडातील रंध्रे नुसत्या डोळ्यांना दिसण्याइतकी मोठी असतात. पाव मिलिमीटर रुंदीचे रंध्र १:४८ च्या जहाजात बारा मिलिमीटरच्या भोकासारखे भासते. जणू जहाज सुतारपक्ष्यांनी टोचून काढले आहे! सागाची तेलकटी सरसाला धरू देत नाही आणि त्यातील वाळूसारखा सिलिका हत्यारांची धार बोथट करतो. जे गुण समुद्रावर उपयोगी तेच टेबलावर अडचणीचे. मोठ्या वस्तूचे द्रव्य लहान वस्तूस जसेच्या तसे चालत नाही, याचे हे एक उदाहरण. आणखी उदाहरणे पुढे येतीलच.

युरोपात या कामासाठी बॉक्सवुड आणि नासपतीचे लाकूड नावाजलेले आहे. आपल्याकडे हेदू, ज्याला हिंदीत हल्दू म्हणतात, त्याचे पिवळसर, बारीक आणि सारख्या पोताचे लाकूड कंगवे, सुताच्या गिरण्यांतील बॉबिन आणि कातकाम यांसाठी वापरीत आले आहेत. प्रतिकृतीलाही ते चांगले. लाकूड कोणतेही असो, ते मुरलेले असले पाहिजे. लाकूड लांबीत जवळजवळ आकसत नाही. रुंदीत मात्र आकसते, आणि वार्षिक वलयांना समांतर दिशेने तर वलयांना छेदणाऱ्या दिशेपेक्षा सुमारे दुप्पट. कोरड्या उन्हाळ्यात घट्ट सांधलेली प्रतिकृती कोकणच्या पावसाळ्यात फुगते. पावसाळ्यात सांधलेली उन्हाळ्यात उकलते. म्हणून जहाज जेथे पुढे राहणार तेथील हवेत लाकूड काही महिने ठेवून मगच कापावे.

कोकणातील होड्या बांधणारे सुतार कण्याला पठाण म्हणतात आणि फासळ्यांना वाक. दुसरे नाव फार बोलके आहे. फासळीसाठी सुतार सरळ ओंडका कापून वाकडा करीत नाही; वाकडीच वाढलेली फांदी शोधतो. कारण फासळीच्या वळणाबरोबर लाकडाचे तंतूही वळले पाहिजेत. तंतू आडवे तुटले तर तेथेच फासळी मोडते. मोठ्या जहाजाची फासळी एका फांदीत मावत नाही. ती अनेक तुकड्यांची करतात, आणि दोन पदर एकमेकांस असे जोडतात की एका पदराचा सांधा दुसऱ्या पदराच्या अखंड भागावर पडावा. प्रतिकृतीतही हीच पद्धत पाळतात. घाई असणारे लोक पातळ फळीचे संपूर्ण छेद कापून ठराविक अंतरावर उभे करतात आणि त्यांवर फळ्या बसवितात. बाहेरून जहाज तेच दिसते. पण मुंबईच्या गोदीत जे झाले ते मात्र त्यात कोठेच उरत नाही.

फळ्या बसविताना भूमितीशी खरी गाठ पडते. जहाजाच्या मध्यभागी कण्यापासून वरपर्यंतचा घेर मोठा असतो. नाळेपाशी तो बराच कमी. समजा, मध्यभागी अर्ध्या बाजूचा काही घेर १२ सेंटीमीटर असून तेथे २० फळ्या बसवावयाच्या आहेत. म्हणजे प्रत्येक फळी ६ मिलिमीटर रुंद. नाळेशी तोच घेर ७ सेंटीमीटर असेल, तर तेथे प्रत्येक फळी साडेतीन मिलिमीटरची झाली पाहिजे. कागदाची पट्टी प्रत्येक फासळीवरून वळवून, घेर मोजून, वीसने भागून प्रत्येक फळीला तिचा स्वतंत्र निमुळता आकार द्यावा लागतो. फळीची रुंदी निम्म्याहून कमी होऊ लागली की ती टोकापर्यंत न नेता दोन फळ्यांच्या जागी एक बसवितात. नाहीतर अरुंद टोकात खिळाच बसत नाही. ज्या प्रतिकृतीत नाळेपाशी काड्यांसारखी टोके निघालेली दिसतील, तिचा कर्ता हे गणित टाळून गेला असे समजावे.

फळी वाकविण्याचे तंत्र जहाजाच्या गोदीत आणि आपल्या टेबलावर एकच आहे. लाकडाचे तंतू लिग्निन नावाच्या द्रव्याने एकमेकांस जखडलेले असतात. ओले लाकूड उकळत्या पाण्याइतके तापले म्हणजे हे द्रव्य मऊ पडते आणि तंतू एकमेकांवरून किंचित सरकतात. थंड होताच ते नव्या जागी घट्ट होते. जाडीच्या दर इंचाला एक तास वाफ द्यावी, असा जहाजबांधणीतील जुना नियम आहे. चार इंच जाड फळीला चार तास लागतात. तीच फळी १:४८ मध्ये दोन मिलिमीटरपेक्षा किंचित जाड होते, आणि तिला पाच मिनिटे पुरतात. एवढे एक गणित तरी लहान जहाजाच्या बाजूने आहे.

तांबे आणि तोफा

पाण्याखालील लाकडाला समुद्रातील किडा पोखरतो आणि त्यावर शेवाळ व शिंपले वाढतात. म्हणून जहाजाच्या तळाला तांब्याचे पत्रे जडवीत. पत्र्याचे ठरलेले माप चार फूट लांब व चौदा इंच रुंद. १:४८ मध्ये लांबी बरोबर एक इंच येते. पुढच्या पत्र्याची कड मागच्या पत्र्यावर चढते, म्हणजे वाहते पाणी कडेखाली शिरत नाही. पत्र्याची जाडी प्रमाणात उतरविली तर मिलिमीटरचा पन्नासावा भाग होते; इतका पातळ तांब्याचा वर्ख मिळाला तरी तो सुरकुत्या न पडता चिकटविणे हे धीराचे काम आहे. खिळे पत्र्याशी सपाट ठोकलेले असत. कित्येक हौशी लोक प्रत्येक पत्र्यावर टाचणीने उठाव काढून जहाजाच्या अंगभर चामखिळी उठवितात, ते टाळावे.

तांब्याने एक नवा प्रश्न निर्माण केला होता. समुद्राच्या खारट पाण्यात तांबे आणि लोखंड एकत्र आले की विद्युत्प्रवाह सुरू होतो व लोखंड झिजते. म्हणून जहाजाच्या तळातील लोखंडी सळया काढून तांब्याच्या मिश्रधातूंच्या घालाव्या लागल्या. १८२४ मध्ये हम्फ्री डेव्ही यांनी उलट वाट धरली: तांब्याला जस्ताचे वा लोखंडाचे लहान तुकडे जोडले, म्हणजे तुकडे झिजतात आणि तांबे वाचते. प्रयोग यशस्वी झाला, तांबे वाचले. पण तांबे विरघळेनासे झाल्यावर त्याचा विषारी गुणही गेला आणि तळावर शिंपले पुन्हा वाढू लागले.

मुख्य डेकवरील अठ्ठावीस तोफा अठरा पौंडी गोळ्याच्या. नऊ फुटी तोफ येथे सव्वादोन इंचांची, आणि तिचे सुमारे साडेपाच इंचांहून किंचित कमी व्यासाचे तोंड २.८ मिलिमीटरचे. लांबी ४८ पट कमी झाली की घनफळ ४८ × ४८ × ४८, म्हणजे १,१०,५९२ पट कमी होते; दोन टनांची लोखंडी तोफ लोखंडातच केली तर अठरा ग्रॅम भरेल. तोफा पितळेच्या कराव्या. त्याचे कारण शेवटी येईल.

दोर

जहाजाचे लाकूडकाम पुरे झाले म्हणजे काम संपत आले असे नवख्यास वाटते. वस्तुतः ते अर्ध्यावर आलेले असते. दोराची जाडी त्या काळी व्यासाने नव्हे, घेराने सांगत. सहा इंची दोर म्हणजे घेर सहा इंच, व्यास १.९ इंच, १:४८ मध्ये बरोबर एक मिलिमीटर. ही गोष्ट लक्षात न घेता सहा इंच हाच व्यास समजणारे दोर तिप्पट जाड करून बसतात.

बाजारचा दोरा क्वचितच योग्य जाडीचा असतो, म्हणून दोर स्वतः वळावा. आधी तंतू एका दिशेने पिळतात, मग अशा पिळलेल्या धाग्यांचा पदर उलट दिशेने, आणि तीन पदरांचा दोर पुन्हा पहिल्या दिशेने. प्रत्येक पीळ उलगडू पाहतो, पण एकाचे उलगडणे म्हणजे दुसऱ्याचे आवळणे, त्यामुळे दोर स्वतःला धरून राहतो. डोलकाठ्यांना आधार देणारे स्थिर दोर डांबराने काळे झालेले, आणि शिडे ओढण्याचे चालते दोर फिकट. हा रंगभेद प्रतिकृतीत पाळावाच. डोलकाठीकडे चढत जाणाऱ्या ताणदोरांवर खलाशांच्या पायांसाठी आडव्या दोऱ्या बांधीत. दोन दोऱ्यांमधील अंतर माणसाच्या पायरीएवढे, तेरा ते पंधरा इंच. म्हणजे येथे सात-आठ मिलिमीटर. प्रत्येक छेदनबिंदूवर गाठ. हे काम करताना एकाच दिवशी फार वेळ बसू नये. थकलेला हात ताण वाढवीत जातो आणि ताणदोर आत ओढले जाऊन मधेच कंबर आवळल्यासारखे दिसतात.

लहान दोराची आणखी एक खोड आहे. दोर जितका बारीक, तितका तो आपल्या वजनाच्या मानाने ताठ. जहाजावर गुंडाळून टाकलेला दोर निमूटपणे पडून राहतो; प्रतिकृतीतील वेटोळे स्प्रिंगसारखे उभे राहते. पाण्यात पातळ केलेला सरस लावून त्याला बळेच झोपवावे लागते. कापडाचेही तसेच. मनात आणलेल्या बारीकीचे कापड मिळत नाही, म्हणून पुष्कळ जाणते लोक शिडे न लावता नुसत्या आडव्या काठ्या ठेवतात. आम्हांसही तेच बरे वाटते.

हे जहाज चालेल काय?

मुले हा प्रश्न हमखास विचारतात, आणि तो पोरकट नाही. मूळ जहाज सुमारे १,४५० टन पाणी बाजूस सारते; १:४८ च्या जहाजाने त्याच खोलीपर्यंत बुडण्यास सुमारे १३ किलोग्रॅम वजन हवे. तेवढे वजन आत योग्य जागी भरले तर जहाज तरंगेल. पण शिडे उभारून वाऱ्यात सोडले तर आडवे होईल. जहाज कलविणारे बळ शिडांच्या क्षेत्रफळावर आणि त्यांच्या उंचीवर अवलंबून असते. ते लांबीच्या घनाच्या प्रमाणात, म्हणजे १,१०,५९२ पट घटते. जहाजाला पुन्हा सरळ करणारे बळ त्याच्या वजनावर आणि रुंदीसारख्या एका लांबीवर अवलंबून असते. ते चौथ्या घाताने, म्हणजे आणखी ४८ पटींनी घटते. वारा मात्र आपल्या प्रमाणात लहान होत नाही. तात्पर्य, आकाराने अगदी खरे असलेले जहाज वाऱ्यापुढे मूळ जहाजापेक्षा ४८ पट दुबळे असते. तळ्यात चालविण्याच्या छोट्या जहाजांना खाली खोल शिशाचा पंख लावतात तो यासाठी.

लाटांचा नियम वेगळा आहे. विल्यम फ्रूड यांनी १८७० च्या दशकात इंग्लंडमधील टॉर्की येथे लांब तलावात लहान जहाजे ओढून दाखविले की, वेग लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात ठेवला तर लहान जहाजाभोवतीच्या लाटा मोठ्या जहाजासारख्याच उठतात. ४८ चे वर्गमूळ सुमारे ६.९. म्हणून बारा नॉट वेगाने जाणाऱ्या ‘त्रिंकोमाली’च्या लाटा पाहावयाच्या असतील, तर आपले जहाज पावणेदोन नॉटने, म्हणजे सावकाश चालणाऱ्या माणसाच्या वेगाने ओढावे. दोरीला बांधून तळ्याच्या काठाने चालत गेले तरी हा प्रयोग शाळेतील विद्यार्थ्यांना करता येईल. अर्थात डोलकाठ्या नसलेल्या, साध्या लाकडी ओंडक्यातून कोरलेल्या सांगाड्यावर.

काचेची पेटी

पूर्ण झालेली प्रतिकृती धुळीपासून जपली पाहिजे. दोऱ्यांच्या जाळ्यात बसलेली धूळ झटकणे म्हणजे दोर तोडणे होय. म्हणून काचेची पेटी हवीच. परंतु पेटीतही एक धोका आहे. ओकसारख्या कित्येक लाकडांतून ॲसेटिक आम्लाची, म्हणजे व्हिनेगरमधील आम्लाची वाफ वर्षानुवर्षे मंदपणे निघत असते. बंद पेटीत ती साठते आणि शिशावर चढते. तोफा, नांगर, कप्प्या अशा शिशाच्या वस्तू हळूहळू पांढऱ्या भुकटीत बदलतात. संग्रहालयांतील कित्येक जुन्या प्रतिकृतींना हा रोग झालेला आहे. म्हणून तोफा पितळेच्या कराव्या, आणि पेटीच्या तळाशी हवा खेळण्यासाठी बारीक कापड लावलेली छिद्रे ठेवावी. सूर्यप्रकाश थेट पडेल अशा खिडकीजवळ पेटी ठेवू नये. ताग व कापूस त्याने ठिसूळ होतात.

पेटीवर पितळी पट्टी लावतात. तीवर जहाजाचे नाव, बांधणीचे ठिकाण मुंबई, बांधणारे जमशेटजी बमनजी वाडिया, वर्ष १८१७ आणि प्रमाण १:४८ एवढे असावे. दुसरा एक कागद पेटीच्या तळाशी, आतल्या बाजूला चिकटवावा. कोणता भाग आराखड्यावरून घेतला, कोणता हार्टलपूलच्या जहाजावरून, कोणता ‘युनिकॉर्न’वरून, आणि कोणता केवळ अनुमानाने बांधला, हे त्यात भागवार लिहून तारीख घालावी. शाई पाण्याने न पसरणारी घ्यावी.